विहारासाठी मिक्सर घेताना



गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या विहारांच्या कार्यकर्त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : "भाऊ, विहारासाठी मिक्सर घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" मी काही साऊंडचा धंदा करणारा माणूस नाही. विहार समितीचा हिशेब ठेवताना, भाड्याच्या पावत्या फाइलला लावताना आणि दर कार्यक्रमाला त्या टेबलामागे उभे राहून जे कळले तेवढेच माझे ज्ञान. पण प्रश्न वर्गणीच्या पैशाचा आहे, म्हणून आजचे सदर याच विषयाला देतो.

विहार हे वर्षातून एकदा जयंतीला उघडायचे ठिकाण नव्हे. रविवारची वंदना, पौर्णिमेचे प्रवचन, मुलांचा संस्कार वर्ग, कुणाचे नामकरण, कुणाचा मंगल परिणय, कुणाचे पुण्यानुमोदन असे काही ना काही चालू असते. वर्षावासात तर आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आपल्या घराघरांत पोहोचला तो पुष्कळसा अशा सामुदायिक वाचनानेच. ऐकायला येणारी माणसे कोण असतात? कंपनीची पाळी करून आलेला, बांधकामावरून आलेला, चार घरची धुणीभांडी उरकून आलेली. मागच्या रांगेत बसलेल्या आजीला शब्द कळला नाही तर ती दोन दिवस येते आणि तिसऱ्या दिवशी घरीच बसते. तक्रार कोणी करीत नाही, नुसती हजेरी कमी होत जाते. मग आम्ही समितीच्या बैठकीत म्हणतो, समाजाला धम्माची ओढ राहिली नाही. अहो, ओढ आहे, ऐकू येत नाही!

आता मिक्सर म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. आमच्या महिला मंडळात हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा एका भगिनीने विचारले, "चटणीचा का?" सगळ्या हसल्या, पण उपमा काही चुकीची नव्हती. निरनिराळ्या माईकचे आणि वाद्यांचे आवाज वेगवेगळ्या वाटांनी मिक्सरमध्ये येतात. प्रत्येकाचा जोर वेगळा ठरवता येतो, कुणाचा खर्ज कमी, कुणाची धार जास्त असे करता येते, आणि मग सगळे एकत्र होऊन एका वाटेने अॅम्प्लिफायरकडे जातात. स्पीकर वाजवण्याचे बळ अॅम्प्लिफायरचे असते. काही मिक्सरमध्ये अॅम्प्लिफायर आतच असतो, पण एक बिघडला की दोन्ही दुरुस्तीला जातात, म्हणून मला तो प्रकार विहारासाठी पसंत नाही.

पुष्कळ विहारांत कुणीतरी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेला अहुजाचा किंवा तसलाच एखादा अॅम्प्लिफायर असतो आणि भिंतीवर दोन-चार कॉलम स्पीकर असतात. त्या अॅम्प्लिफायरलाच दोन-तीन माईक लावायची सोय असते. तुमच्याकडे एक भन्तेजी किंवा वक्ते आणि एक सूत्रसंचालक एवढेच काम असेल, तर मिक्सर घेऊच नका. त्या पैशात एक चांगला माईक, दोन चांगल्या वायरी आणि न डगमगणारा स्टँड घ्या. दुकानदार हे तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

मिक्सरची खरी गरज पडते ती गायन पार्टी आली की. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या घरगुती कार्यक्रमाची यादी करावी. घरगुती म्हणजे विहाराच्या चार भिंतींतला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा नव्हे, त्याचा साऊंड वेगळा, पैसा वेगळा आणि डोकेदुखीही वेगळी. मुख्य गायकाला एक माईक, कोरसला दोन, पेटीला एक, ढोलकीला एक, सूत्रसंचालकाला एक. झाले सहा. त्याखेरीज कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅड असेल तर त्याची वायर थेट येते, आणि मोबाइलवरून वंदना लावायची असेल तर त्याची एक. बेंजोवाला असेल तर त्याला आधीच विचारावे. त्याच्या पिकअपचा आवाज अशक्त असतो आणि तो थेट लावला तर पुष्कळदा किरकिरा येतो. त्यासाठी मधे डीआय बॉक्स नावाची छोटी डबी लावतात.

या यादीचे महत्त्व एवढ्यासाठी की, मिक्सरच्या खोक्यावर छापलेला आकडा माईकचा नसतो. इथे भली भली माणसे फसतात. खोक्यावर दहा चॅनेल लिहिलेले असतात आणि घरी आणून बघावे तर माईकची तीन छिद्रांची गोल सॉकेटे चारच. बाकीचे सहा म्हणजे स्टिरिओच्या तीन जोड्या. डावा-उजवा वेगळा मोजून आकडा फुगतो. कंपनी खोटे बोलत नाही, आपण वाचत नाही. उदाहरण द्यायचे तर यामाहाच्या एमजी मालिकेतला एमजी१०एक्सयू चार माईकचा आहे आणि एमजी१२एक्सयू सहा माईकचा. बेहरिंगरच्या झेनिक्स १२०२ वर बारा हा आकडा असला तरी माईकची सोय चारच. म्हणून दुकानात गेल्यावर किती चॅनेल असे विचारू नये. मागचे-पुढचे पॅनेल स्वतः पाहावे आणि बोट ठेवून सॉकेटे मोजावीत. वर सांगितलेल्या यादीला सहा सॉकेटांचा मिक्सर हवा, नुसते प्रवचन, वंदना आणि मुलांची भाषणे असतील तर चारांचा पुरे. एखाददुसरे जास्त ठेवावे, कारण एक सॉकेट कधी ना कधी सैल होतेच. बिनवायरचा माईक वापरत असाल तर त्याच्या रिसिव्हरलाही एक जागा लागते, हे मोजायला विसरू नये.

आमच्या समितीत यावरून चांगलाच वाद झाला होता. तरुण मुलांचे म्हणणे, घ्यायचा तर सोळा चॅनेलचा घ्या, बेस जोरदार पाहिजे. त्यांच्या डोळ्यांपुढे जयंतीचा डीजे. निम्म्याहून जास्त रक्कम मात्र महिला मंडळाची होती, दर रविवारी माणशी दहा रुपये टाकून साठवलेली. तास-दीड तास चर्चा झाली. शेवटी मंडळाच्या एक ज्येष्ठ उपासिका उठल्या आणि म्हणाल्या, "बेस तुमचा वस्तीभर ऐकू येतो बाबांनो. परित्राण पाठ आम्ही म्हणतो तो तिसऱ्या सतरंजीच्या पुढे जात नाही. त्याचं काय ते बघा." सहा माईकच्या मिक्सरचा ठराव त्याच बैठकीत लिहिला गेला. मुलांना राग आला नाही असे नाही, दोघे तर पुढचे दोन रविवार फिरकले नाहीत.

पण त्यांच्या बोलण्यातला तांत्रिक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. सर्व प्रकारचे काम सारखे नसते. माणसाच्या आवाजातले शब्द कळतात ते मधल्या आणि वरच्या सुरांमुळे. खालचा घुमार जेवढा वाढवाल तेवढा शब्द बुडतो, आणि आपली सभागृहे म्हणजे सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, वर पत्रा. तिथे आवाज आधीच घुमतो. म्हणून मिक्सर घेताना प्रत्येक माईकच्या वाटेवर लो-कट किंवा एचपीएफ लिहिलेले बटण आहे का पाहावे. ते दाबले की साधारण ८० हर्ट्झच्या खालचा घुमार, स्टँडला पाय लागल्याची धडधड, पंख्याच्या वाऱ्याची घरघर गाळली जाते. बोलण्याच्या माईकवर ते कायम दाबलेले ठेवावे, ढोलकीच्या माईकवर सोडावे. सुरांची बटणे कमीत कमी तीन हवीत : खालचा, मधला, वरचा. मधले बटण नसलेला स्वस्त मिक्सर घेऊ नये, कारण स्त्रिया आणि मुलांचा आवाज सुधारायचा तर हात त्याच बटणाकडे जातो.

दुकानात हमखास दाखवतात तो इको. आम्हाला एका दुकानदाराने मोबाइलवर गाणे लावून, इको देऊन असा काही झगमगाट केला की सोबतचे दोन सभासद पैसे काढायला निघाले. तयार गाणे तर कोणत्याही मिक्सरवर चांगलेच वाजते! आपला माईक पिशवीतून न्यावा, सोबत एखाद्या भगिनीला न्यावे आणि तिला त्रिशरण-पंचशील म्हणायला सांगावे. तो आवाज स्वच्छ आला, मागे सूंऽऽ असा श्वास ऐकू आला नाही, तर पुढची बोलणी करावी. गाण्याला थोडा इको शोभतो, नाही असे नाही. पण ज्या सभागृहात भिंतीच इको देतात तिथे प्रवचनाला तो देणे म्हणजे आधीच ओल्या कपड्यावर पाणी ओतणे. आणि आपले गाणे शब्दांचे आहे. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) रचना गायची आणि शब्द कळू द्यायचे नाहीत, तर गायलीच कशाला?

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ४८ व्होल्टचे फँटम बटण. पोडियमवरचे लवचिक मानेचे माईक बहुधा कंडेन्सर जातीचे असतात, ते या विजेशिवाय चालत नाहीत. हातात धरायच्या साध्या डायनॅमिक माईकला तिची गरज नसते. चांगली तीन तारांची वायर असेल तर तिने त्याचे नुकसानही होत नाही, पण बटण दाबताना किंवा माईकची वायर काढताना आवाज पूर्ण खाली घ्यावा, नाहीतर असा धाड्कन आवाज येतो की झोपलेली बाळे उठतात. दुसरी, गायकांच्या बाजूला ठेवायच्या स्पीकरसाठी वेगळी वाट, तिला ऑक्स म्हणतात. लहान मिक्सरमध्ये एकच अशी वाट असते आणि तीच इकोसाठीही वापरलेली असते. ढोलकीवाल्याला गायक ऐकू आला नाही की तो जोरात वाजवतो, मग गायक ओरडतो आणि कार्यक्रमाची रया जाते. गाण्याचे कार्यक्रम जास्त असतील तर ऑक्सच्या दोन वाटा असलेला घ्यावा. वर सांगितलेल्या दोन यामाहांत हाही फरक आहे. शिवाय दहाच्याला नुसती गोल बटणे आहेत, बाराच्याला सरकपट्ट्या. सरकपट्टी लांबूनही दिसते, कोणता माईक किती उघडा आहे ते एका नजरेत कळते, शिकाऊ हाताला ते सोपे पडते.

यूएसबी म्हटले की सगळे एकच समजतात, तसे नाही. काहींमध्ये पेनड्राइव्ह लावून गाणी वाजतात, काहींमध्ये पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगही होते, आणि काहींमध्ये ती फक्त संगणकाला जोडायची वाट असते. आम्हाला रेकॉर्डिंग हवे होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर जी आठ-दहा वर्षांची होती ती माणसे आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी, जुन्या जलशातली आज कुणाला माहीत नसलेली गाणी स्वच्छ आवाजात उतरवून ठेवायची सोय विहारातच होत असेल तर त्यासाठी हजार-दोन हजार जास्त मोजायला माझी हरकत नाही. टॅबवरून चालणारे डिजिटल मिक्सरही आता निघाले आहेत, वस्तू उत्तम आहे. पण जिथे दर रविवारी वेगळा माणूस टेबलाशी बसतो तिथे डोळ्यांसमोर बटण असलेला साधाच बरा.

घरी आणल्यावर जुन्या अॅम्प्लिफायरला जोडताना एक काळजी घ्या. मिक्सरमधून निघणारा आवाज सुमारे एक व्होल्टच्या ताकदीचा असतो, माईकचा काही हजारांश व्होल्टचा. मिक्सरची वायर अॅम्प्लिफायरच्या माईकच्या जागी खुपसली तर आवाज फाटतो आणि लोक म्हणतात, मिक्सर खराब निघाला. ती ऑक्स किंवा लाइन लिहिलेल्या जागीच लावावी. वायर आणि पिना आधी बघून घ्याव्यात. माईकची तीन काड्यांची पिन, बाजारात पी-३८ म्हणतात ती जाड पिन, मोबाइलची बारीक ईपी पिन, हे सगळे वेगळे. मिक्सर घेतला आणि वायरीला पैसे उरले नाहीत अशी स्थिती मी दोन ठिकाणी पाहिली आहे. एकूण रकमेचा निदान चौथा हिस्सा वायरी, स्टँड आणि पेटीसाठी बाजूला काढावा.

गुणगुण येऊ लागली की काही हुशार लोक अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. गुणगुण जाते खरी, पण मग कधीतरी माईक धरलेल्या हाताला शॉक बसतो. असे कदापि करू नये. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवरून चालवावेत, विजेची वायर आणि माईकची वायर एकत्र गुंडाळू नयेत. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

माईक शिट्टी मारतो याचा दोष शंभरातल्या नव्वद जणांच्या मते मिक्सरचा. खरे कारण भिंतीवर असते. आपल्याकडे बुद्धमूर्तीच्या दोन्ही बाजूंना स्पीकर लावायची हौस आहे, दिसायला छान दिसते. पण वक्ता मूर्तीपुढे उभा राहतो, म्हणजे स्पीकर त्याच्या पाठीमागे आणि माईकच्या तोंडासमोर! स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि शिट्टी. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला आणा. दुसरे, वापरात नसलेला माईक बंद ठेवा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी सुरू होण्याआधी आवाज वाढवायची जी मोकळीक असते ती ३ डेसिबलने घटते. उलट, माईक आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले की ६ डेसिबलचा फायदा होतो, आणि तो फुकट आहे. मुलींना भाषणाला उभे करतो तेव्हा मोठ्या माणसाच्या उंचीचा स्टँड तसाच ठेवतो. पोर टाचा उंच करते, अर्धे भाषण हवेत जाते. स्टँड खाली करायला कुणीतरी उठले तर मिक्सरच्या कोणत्याही बटणापेक्षा जास्त उपयोग होतो.

आवाज लावायची रीत अशी. माणसाला प्रत्यक्ष बोलेल त्या जोरात बोलायला लावावे, "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" नव्हे. वरचे गेनचे बटण हळूहळू वाढवावे. लाल दिवा लागला की थोडे मागे घ्यावे. मग ते बटण कार्यक्रमभर शक्यतो हलवू नये, पुढचे कमीजास्त खालच्या पट्टीने करावे. सुरू करताना मिक्सर आधी, अॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अॅम्प्लिफायर आधी. एवढे दोन मुली आणि दोन मुले शिकली की विहाराचे काम अडत नाही. आमच्याकडे आता बारावीतली एक मुलगी हे काम उत्तम करते. त्या टेबलावर मेणबत्ती, अगरबत्ती आणि पौर्णिमेच्या खिरीचे ग्लास ठेवू द्यायचे नाहीत, हा तिचा नियम आहे आणि तो ती अध्यक्षांनाही लावते.

आता हिशेब. तुमच्या भागात लहान कार्यक्रमाचे साऊंडभाडे समजा १,५०० रुपये आहे आणि बारा पौर्णिमा धरून वर्षाला सोळा कार्यक्रम होतात, तर २४,००० रुपये गेले. वर्षावासाच्या रोजच्या वाचनाला तर भाड्याने कुणी आणतच नाही. आपल्या गावचे आकडे घालून हे गणित फळ्यावर मांडा, सभासदांना पटते. पण वर्षाला पाच-सहाच कार्यक्रम होत असतील तर भाड्यानेच आणा. खरेदी तीन दुकानांची लेखी दरपत्रके घेऊन, समितीच्या नावाने, जीएसटीच्या पक्क्या बिलावर करावी. कच्च्या बिलावर दोन हजार वाचतात, पण वॉरंटी जाते आणि हिशेब तपासताना उत्तर देता येत नाही. रक्कम चेकने किंवा समितीच्या खात्यातून द्यावी. मशीनचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि तोच जडवस्तू नोंदवहीत चढवावा. लहान मिक्सरचा अॅडॉप्टर बाहेरचा असतो, त्याची पिन खास असते, मोबाइलचा चार्जर चालत नाही. तो हरवला की मिक्सर म्हणजे नुसता पत्रा, म्हणून त्यावर विहाराचे नाव रंगवून ठेवावे.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लाऊडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत, बंदिस्त सभागृहाच्या आतला वापर सोडून, तो वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते, त्या वर्षीची यादी पोलीस ठाण्यात पाहून घ्यावी. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शाळा-दवाखान्यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती आणखी ५ ने कमी. खिडक्या उघड्या असलेले पत्र्याचे सभागृह बंदिस्त मानले जाईल या भरवशावर राहू नये. परवानगीचा अर्ज आठ दिवस आधी द्यावा, पोहोच घ्यावी आणि ती पोहोच मिक्सरच्या पेटीतच, झाकणाच्या आत चिकटवलेल्या पाकिटात ठेवावी.

राहता राहिला शेजारच्या वस्तीला मिक्सर देण्याचा प्रश्न. मागायला येतीलच, आणि नाही म्हणणे बरे दिसत नाही. द्यावा, पण आपला एक मुलगा किंवा मुलगी सोबत पाठवूनच. नेताना वायरी मोजून लिहाव्यात, आणताना पुन्हा मोजाव्यात.